शिक्का मारलेली ओटी

आमच्या गावच्या देवी मंदिराच्या मदत समितीत मला घेतलं ते माझा आवाज मोठा आहे म्हणून. दुसरं काहीही कारण नाही. अध्यक्ष नारायणकाका (जुने पोस्टमास्तर, आता रिटायर) तोंडावरच म्हणाले, "वसंता, लाइन गेली का माइक बंद पडते. तू काही बंद पडत नाही."

काम तसं सोपं होतं. देवीच्या पेटीत जे येतं त्यातून गावातल्या अडलेल्या घराला मदत करायची. कुणाचं ऑपरेशन असतं, कुणाचा गोठा जळतो, कुणाच्या घरातला कर्ता माणूस जातो. मंगळवारची आरती झाली की त्या घरच्याला देवळासमोर उभं करायचं, शाल-नारळ आणि पाकीट द्यायचं, फोटो काढायचा, आणि मी माइकवरून सगळ्या गावाला सांगायचं की अमुक अमुक यांची परिस्थिती फार हलाखीची आहे. 'हलाखीची' हा शब्द मी असा लांबवत असे की पाकीट घेणारा खाली मान घालायचा. मला वाटायचं, भक्तीनं घालतो.

यावर हसणारा गावात एकच माणूस होता, माझा चुलतभाऊ दिनकर. माझ्याहून थोडा मोठा. घरचा भाजीपाला पिकवायचा आणि साखरखेर्ड्याच्या बाजारात नेऊन विकायचा. आरतीला देवळाच्या ओट्यावर अगदी मागं बसायचा आणि माझं भाषण सुरू झालं की त्याचे खांदे हलायला लागायचे. हसताना त्याचा आवाज येत नसे, नुसते खांदे हलत. नंतर घरी जाता जाता म्हणायचा, "वसंता, गोठा जळला तवा त्या मान्साले एवढं वाईट वाटलं नसन बे, जेवढं तुयं भाषन आयकून वाटलं."

हा दिनकर उन्हाळ्यात गेला. सकाळी वांग्याला पाणी सोडायला शेतात गेला, छातीत कळ आली आणि तिथंच बसला तो बसला. मोटार चालूच राहिली. पाणी वाहत सडकेवर आलं तेव्हा लोक पाहायला गेले. मला सख्खा भाऊ नाही, जो काय होता तो हाच. फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं, आणि ते इथंच सांगून टाकतो, कारण पुढं सगळा माझाच गोंधळ आहे.

मागं राहिली सुमनवहिनी, दिनकरची म्हातारी आई (तिला आम्ही मोठीआई म्हणतो) आणि मुलगी पल्लवी. पल्लवी बुलढाण्याला नर्सिंग शिकत होती, शेवटचं वर्ष राहिलं होतं. तेरवी झाली आणि वहिनीनं सांगून टाकलं की पोरगी आता कॉलेजात जाणार नाही, घरीच राहील. फीची सोय नव्हती, आणि नाही म्हणून कुणाला सांगायचीही तयारी नव्हती. पल्लवीची भरलेली बॅग कोपऱ्यात तशीच पडलेली असे. वहिनी त्या दिवसापासून रडलीही नव्हती. आमची मंदा (म्हणजे माझी बायको) रोज म्हणायची, "तिले कोनीतरी रडवा हो. असं बरं नसते." हे काम माझ्या हातून होईल, असं तिला तेव्हा वाटलं नसावं.

समितीनं मदत ठरवली आणि निरोप घेऊन मी गेलो.

"वहिनी, मंगळवारी आरतीले या."

"काऊन?"

"समिती मदत देऊन राह्यली ना."

"अन् तुमी माइकवर सांगसान, सुमनबाईची परिस्थिती फार हलाऽऽखीची आहे."

तिनं तो शब्द हुबेहूब माझ्यासारखा लांबवला. (दिनकर घरी माझी नक्कल करत होता, हे मला त्या दिवशी कळलं.)

"माइकवर नाही सांगत. गुपचूप देतो."

"तरी नको, भाऊजी. यायनं कधी कोनाचं घेतलं नाही. देवीनं दिलं असतं तं पदर पसरला असता. हे तुमचं देनं आहे."

दारामागून पल्लवी ऐकत होती. मी निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली आणि तिथूनच परत फिरली.

वहिनीचं ते एक वाक्य मात्र माझ्या डोक्यात बसलं. देवीनं दिलं असतं तर. बैठकीत मी मांडी बदलली आणि म्हणालो, "मंग देवीकडूनच देऊ." आमच्या देवळात नवरात्रात बाया देवीची ओटी भरतात. त्या साड्या, खण, नारळ गाठोडी बांधून कपाटात ठेवलेले असतात आणि वर्षभर प्रसाद म्हणून दिले जातात. त्यातल्याच एका गाठोड्यात पाकीट ठेवायचं आणि देवीची ओटी म्हणून वहिनीला द्यायचं. देवीच्या ओटीला नाही कोण म्हणणार?

"वा," नारायणकाका म्हणाले. "डोकं आहे बे तुले."

तिसरा सभासद गजानन, त्याचं खताचं दुकान आहे, तोसुद्धा म्हणाला, "एक नंबर." तिघांचीही लग्नं झालेली, तिघांच्याही घरात लेकी-सुना. तरी गावातल्या कुठल्याही शाळकरी पोरीनं सांगितली असती ती गोष्ट आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आली नाही.

मंदा त्या दिवशी मेहकरला माहेरी होती, भावाच्या घराची वास्तुशांती होती. तरी एकदा विचारावं म्हणून मी फोन लावला. तिकडं मागं लाउडस्पीकर वाजत होता.

"मी सुमनवहिनीकडं ओटी घेऊन जाऊन राह्यलो," मी ओरडलो.

"काय? रोटी?"

"ओटी, ओटी."

"न्या ना मंग. भाजी बी न्या सोबत," मंदा म्हणाली आणि फोन ठेवला.

झालं, घरची परवानगी मिळाली. गजाननने कपाटातलं सगळ्यात चांगलं, हिरव्या साडीचं गाठोडं काढलं. मी पाकिटावर मदत समितीचा शिक्का मारला (माझी सवयच आहे, मंदिराच्या झाडूवरसुद्धा शिक्का आहे) आणि ते साडीच्या घडीत सारलं. गाठोड्यात आणखी काय काय आहे ते आम्ही उघडून पाहिलं नाही. देवीच्या वस्तूत कशाला उगीच हात घाला.

दुपारी आम्ही तिघं गेलो. मोठीआई बाजेवर बसली होती, शेजारची कांता सुपात तूर निवडत होती, वहिनी खांबाला टेकून बसली होती, पल्लवी आतल्या दारात उभी होती. मी घसा साफ केला.

"वहिनी, पदर करा. देवीनं तुमच्यासाठी ओटी पाठवली."

घरात माइक नव्हता, पण मला त्यानं फरक पडत नाही. गल्लीतली म्हैस उठून उभी राहिली, असं गजानन अजून सांगतो. आत मात्र सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, मंडळी भारावली.

"मान्सं ओटी भरत नसतात, तेवढं मले बी समजते," मी पुढं म्हणालो. "कांता, तू सवाष्ण आहेस. ये, भर."

कांताचं सूप थांबलं. मागून गजाननने माझा शर्ट ओढला. मला वाटलं, आवाज पोचत नाही म्हणतोय. म्हणून मी तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हणालो. शेवटी त्यानं गाठोडंच धरलं, मी सोडेना, तो सोडेना, आणि त्या ओढाताणीत गाठ सुटली. तांदूळ सांडले, नारळ घरंगळत बाजेखाली गेला, कुंकवाची पुडी फुटली, आणि आतून हिरव्या बांगड्या निघाल्या. त्यातली एक गोल फिरत फिरत वहिनीच्या पायाशी जाऊन आडवी झाली.

वहिनीनं ती उचलली. तिचे दोन्ही हात मोकळे होते. त्या हातातल्या बांगड्या उतरवल्या तेव्हा मी तिथंच उभा होतो.

नवरा गेलेल्या बाईची आपल्याकडं ओटी भरत नाहीत. तो रिवाज चांगला की वाईट ते सोडा, आम्हाला तो आठवलाच नव्हता. दिनकर गेला हे मला रोज आठवायचं, पण वहिनीचं सगळं त्याच्यासोबत गेलं हे कुठं माझ्या डोक्यात होतं? मी खाली बसायला गेलो तो मोठीआईच्या पाण्याच्या तांब्यावर बसलो. नारायणकाका तोवर चपला सांभाळायला बाहेर निघून गेले होते.

"चुकलं, वहिनी," मी ओल्या धोतरानं रांगत तांदूळ गोळा करत म्हणालो. "घेऊन जातो मी. मले सुचलंच नाही. घेऊन जातो."

"ठेवा, भाऊजी."

"नाही, चुकलं आमचं."

"ठेवा म्हनते ना. उंबऱ्याच्या आत आलेली देवीची ओटी कोनी वापस नेते का?"

तिनं भिंतीजवळचा पाट ओढला, त्यावर बसली आणि पदर पसरला. कांता जागची हलली नाही. बिचारी रडवेली झाली होती, तिला भरावं तरी भीती, न भरावं तरी भीती. तेवढ्यात बाजेवरून मोठीआई उतरली. गुडघे धरत, भिंत धरत आली. मोठे बाबा (तिचे यजमान) गेले तेव्हा दिनकर रांगत होता, इतकी वर्षं झाली तिची ओटी बंद होऊन.

"सरक, वसंता," ती म्हणाली. "मायी तं कोनं भरली नाही. हिची मी भरते."

तिनं ओंजळीनं तांदूळ घातले. खण ठेवला, साडी ठेवली. नारळ सापडेना म्हणून मी बाजेखाली शिरलो आणि तिथूनच हात लांब करून दिला. म्हणून पुढचं मी पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. वहिनी रडली. तोंड दाबून नाही, मोकळं, मोठ्यानं रडली, आणि मोठीआई तिच्या पाठीवरून हात फिरवत "रड, माय, रड" म्हणत राहिली. मी बाजेखालून बाहेर आलोच नाही. मला आत बरं वाटत होतं, आणि माझाही चेहरा बाहेर काढण्यासारखा राहिला नव्हता.

बऱ्याच वेळानं मी बाजेखालून निघालो तेव्हा वहिनी डोळे पुसत साडी नीट करत होती. घडीतून पाकीट खाली पडलं. तिनं उलटून पाहिलं, शिक्का वाचला, आणि माझ्याकडं पाहिलं.

"देवीनं शिक्का बी मारला वाट्टे."

मी आढ्याकडं पाहायला लागलो. गजाननही तिकडंच पाहत होता. वहिनीनं पाकीट हातात धरलं, कोपऱ्यातल्या बॅगेकडं पाहिलं, मग पल्लवीकडं.

"ओटीत पडलं ते काढत नसतात," ती म्हणाली. बांगड्या तिनं एकेक करून पल्लवीच्या हातात भरल्या. "होस्टेलात फोडजो नको. उद्याच्या गाडीनं जाय."

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली, पण वेगळीच. मदत समितीनं जुना रिवाज मोडला म्हणे. विचारपूर्वक मोडला म्हणे. पारावर चार माणसं मला हात जोडून गेली. मंदा माहेराहून आली तशी तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मी रोटी आयकलं. मी घरी असती तं तुमाले उंबरा ओलांडू दिला नसता." मग भाकरीचं पीठ मळता मळता थांबली आणि म्हणाली, "बरं झालं मी नव्हती."

नवरात्रात देवळात माझा सत्कार ठरला. तालुक्याहून पाहुणे आले, त्यांनी मला 'कृतिशील सुधारक' म्हटलं. गजानन माझ्याकडं पाहत नव्हता, नारायणकाका पायरीखालच्या चपलांकडं पाहत होते. शाल घालून मला माइकसमोर उभं केलं. समोर सगळं गाव, आणि मागं ओट्यावर, दिनकर बसायचा तिथं, मोठीआईला धरून सुमनवहिनी बसली होती. देवीची हिरवी साडी नेसून.

खरं सांगून टाकू म्हणून तोंड उघडलं, पण तिला तिथं बसलेलं पाहिलं आणि अडलो. भाषण विसरलो. एवढंच वाटलं की हा सगळा तमाशा पाहायला तो पाहिजे होता. आणि मनात जे होतं ते मी माझ्या त्या आवाजात, माइकवरून, गावाच्या चारी बाजूंना पोचेल असं बोलून गेलो.

"आज दिनकर असता तं हसून हसून मेला असता."

पिंपळावरच्या भोंग्यानं ते पुन्हा एकदा म्हणून दाखवलं. पाहुण्यांचा हात हारासकट हवेत राहिला. मंदानं तोंडावरून पदर ओढला. मी हळूच ओट्याकडं पाहिलं. वहिनीनं तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. रडवली, मी मनात म्हणालो, दुसऱ्यांदा रडवली. तेवढ्यात तिनं मान वर केली. आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते. मोठीआई आधी तिच्याकडं पाहत राहिली, मग तिलाही हसू आवरेना.

पुढच्या मंगळवारपासून माइक गजाननकडं गेला. शिक्का मात्र समितीनं माझ्याकडंच ठेवलाय, त्याला आवाज नाही म्हणून.