एम.डी. की डी.ओ.: माझ्या जळण्याचा अभ्यास

परवा अकोल्यात माझ्यावर घोर अन्याय झाला. साढूनं लेकीच्या सत्काराला अमरावतीहून बोलावलं आणि खुर्ची दिली ती नेमकी कूलरच्या मागे. हवा पाहुण्यांना, घरघर मला.

लेक म्हणजे ऋतुजा. अमेरिकेत ग्रॅज्युएशन करून आता तिथल्याच मेडिकल कॉलेजात डी.ओ.ला लागली. आमचे चिरंजीव दोनदा 'नीट'ची परीक्षा देऊन बी.फार्म. करताहेत… तेव्हा मला किती आनंद झाला असेल, तुम्हीच समजून घ्या.

आठवडाभर मी इमानदारीनं गूगल करत होतो. एम.डी. नाही, डी.ओ. म्हणजे काहीतरी कमी असणारच… निघालं भलतंच. तिकडे एम.डी. ही आपल्या एमबीबीएससारखी पहिलीच डिग्री, आणि डी.ओ. तिच्या बरोबरीची. दोघंही औषधं लिहितात, ऑपरेशनं करतात. डी.ओ.वाल्यांना शिवाय हातांनी स्नायू-सांधे तपासायला, मोकळे करायला शिकवतात.

कमीपणा एकच हाती लागला. काही स्पेशालिटीत डी.ओ.वाल्यांना जागा मिळवताना जास्त झगडावं लागतं. तेवढा मी जपून खिशात ठेवला.

सत्कार सुरू झाला, डी.ओ. म्हणजे ऑस्टिओपॅथीची डॉक्टर असं माइकवरून सांगितलं गेलं आणि साढूचे काका मोठ्यानं म्हणाले, "म्हंजे हाडं बसवाले शिकून राहिली? त्याच्यासाठी अमेरिकेले कावून जा लागते?" सगळे हसले. हाच टोमणा मी तयार करून आणला होता…

ऋतुजा समजावून सांगायला गेली, पण तिचा आवाज हसण्यात बुडाला. साढू हातातल्या नारळाकडे बघत उभा राहिला.

आणि त्या मांडवात डी.ओ. म्हणजे काय हे ठाऊक असलेला दुसरा माणूस मीच होतो. जळून केलेला अभ्यास, पण पक्का. उठलो. म्हटलं, "काकाजी, पोरगी पूरी डॉक्टर होऊन राहिली. एम.डी.वाले करतात ते सारं करन, वरून हाताचं शिक्षण अलग." खिशातला कमीपणा काही बाहेर काढला नाही.

तो तिनंच काढला. "मावसाजी, काही ब्रँचेसमध्ये आम्हाला जड जातं… ते माहीत असूनच मी हे घेतलं." आता कोणी हसलं नाही.

निघताना साढूला बाजूला घेतलं. चिरंजीवांना फार्मसी मिळाली तेव्हा हा माणूस पेढे घेऊन अमरावतीला आला होता, आणि ऋतुजाच्या अ‍ॅडमिशनला मी साधा फोनही केला नव्हता. त्याचा हात हातात घेतला. "पोरीनं नाव काढलं, राजा."

जळणं थांबलं असं नाही म्हणत… पण एवढं देणं तरी फिटलं.