साडूंचे तीन इंच

लातूर शहरात मोजायचं राहिलंय असं आता काही उरलेलं नाही. जे काही होतं ते आमच्या साडूंनी मोजून टाकलेलं आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको करताना माणूस चारदा विचार करतो, साडू मात्र शिलाई मशीनबरोबर तेलाची बाटली यावी तसा आपोआप येतो. मी नांदेडचा, ते लातूरचे, आणि दोन बहिणींचं एकमेकींवाचून पान हलत नसल्यामुळे आम्ही दोघे वर्षातून चार-पाच वेळा एकमेकांसमोर बसतो. त्यांचं औशाला खत-बियाण्यांचं दुकान आहे. अंगाला कायम युरियाचा वास, आणि शर्टाच्या खिशात, जिथे इतर दुकानदारांचं पेन असतं तिथे, दोन चंदेरी डोळ्यांची एक निळी पट्टी. अनोळखी माणसाला वाटतं एखादं घुबडाचं पिल्लूच खिशातून बघतंय. त्या पट्टीला सेन्सर म्हणतात, हे मला टाळेबंदीनंतरच्या पहिल्याच भेटीत सांगण्यात आलं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक भेटीत परत सांगण्यात आलेलं आहे.

"साडूभाऊ, ह्यातला एक डोळा वरडतो आन दुसरा ऐकतो," ते सांगतात. "आवाज आपल्याला ऐकू येत न्हाई. पण तो जातो, समोर आपटतो आन माघारी येतो. किती येळात आला, त्याच्यावरनं किती लांब हाय ते कळतं. वटवाघळाची अक्कल हाय ही!" टाळेबंदीच्या दिवसांत दुकान अर्धा दिवस उघडं असायचं, तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ बघून हा गृहस्थ हे सगळं शिकला. इतरांनी त्या काळात केक शिकले, जिलब्या शिकल्या. आमच्या नशिबी वटवाघूळ आलं.

पहिला सेन्सर त्यांनी पाण्याच्या टाकीच्या झाकणाला आतून लावला. लातुरात नळ आठ-दहा दिवसांनी येतो, तेव्हा कल्पना वाईट नव्हती. पण ते यंत्र पाणी मोजत नाही, झाकणापासून पाण्यापर्यंतची रिकामी जागा मोजतं. त्यामुळे साडू सकाळी उठून अंगणात जाहीर करायचे, "आज एकशे चाळीस!" आणि गल्लीतल्या बायकांना वाटायचं, वा, ह्यांच्याकडे लई पाणी हाय. दोघीजणी घागरी घेऊन आल्यासुद्धा. शिवाय उन्हात आवाज जास्त जोरात पळतो, लवकर माघारी येतो, म्हणून मे महिन्यात टाकी आहे त्यापेक्षा भरलेली दिसते, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं. अख्खं लातूर पाण्यासाठी बेजार असताना एकाच घरातली टाकी उन्हाने भरत होती, याचा त्यांना किती आनंद झाला म्हणून सांगू!

मग सेन्सर ज्वारीच्या कणगीत गेला, पिकअप गाडीच्या मागे गेला, टीव्हीखाली गेला. टीव्हीखालचा सेन्सर कोणी फार जवळ बसलं की कोकलायचा. आमच्या सासूबाई एकदा लोकरीची शाल गुंडाळून टीव्हीला नाक लावून बसल्या, तरी यंत्र गप्प. साडूंनी मोठ्या कौतुकाने खुलासा केला, "मऊ कपडा आवाज पिऊन टाकतो. यंत्राच्या हिशोबात आत्याबाई हितं न्हाईतच!" सासूबाई कडाडल्या, "न्हाईत म्हंजे? जावई, मी हाय की हितं, जिती!" त्या दिवशी जेवताना त्या साडूंशी बोलल्या नाहीत. साडूंनी मात्र वहीत लिहून घेतलं: शाल, शून्य.

या सगळ्यावर कळस म्हणजे बोलकं दार. समोरच्या दाराच्या चौकटीवर त्यांनी सेन्सर खाली तोंड करून बसवला. चौकट जमिनीपासून सात फूट. खालून माणूस गेला की आवाज त्याच्या डोक्यावरून माघारी येतो, सात फुटांतून तेवढं वजा केलं की राहिली ती माणसाची उंची. आणि ती उंची एक डबी मोठ्याने सांगायची, तीही साडूंनी स्वतःच्या आवाजात भरलेली, खतांचे भाव सांगावेत तशी खणखणीत. मी जन्मभर पाच फूट सहा इंच होतो. माझ्या प्रत्येक अर्जावर तसं आहे, माझ्या बायकोला लग्नात तसंच सांगितलेलं आहे. त्या दाराखालून गेलो आणि वरून आवाज आला, "पाच फूट साडेचार इंच." बायको मागेच होती. "बघ की," ती म्हणाली, "मला वाटतच होतं." वीस वर्षांच्या संसारात मला इतकं कोणी उघडं पाडलं नव्हतं.

आता खऱ्या गोष्टीवर येतो. साडूंना एकच मुलगी, शीतल. बीएस्सी झालेली, हुशार, हसरी, आणि उंच. पाच फूट सहा. आई ठेंगणी, बाप तिच्याहून ठेंगणा, हिने ही उंची कुठून आणली देव जाणे. बाहेरच्या जगात उंचीचं कौतुक असेल, पण आमच्याकडे लग्नाच्या बाजारात पोरगी पोरापेक्षा बोटभरही वर गेलेली चालत नाही. चार स्थळं आली, चहा-पोहे खाऊन गेली, आणि चौघांकडूनही एकच निरोप आला: पोरगी चांगली हाय, पण उंच पडते. शेवटी आक्काने, म्हणजे माझ्या मेहुणीने, बायोडाटात पाच फूट तीन इंच लिहून टाकलं आणि शीतलला खांदे पाडून, थोडं वाकून चालायला शिकवलं. पोरगी आईसाठी तसं चालायलाही लागली. ती वाकून स्वयंपाकघरात गेली की साडू मात्र हातातलं काम टाकून उगाच बाहेर जाऊन उभे राहायचे, हे मी बघितलेलं आहे.

पाचवं स्थळ धर्माबादचं. मिरचीचे व्यापारी, पोरगा सरकारी नोकरीत, बायोडाटात उंची पाच फूट सात इंच. बघण्याच्या कार्यक्रमाला आम्हा दोघांना बोलावलं होतं. आक्काने सकाळीच फर्मान काढलं, "आज ते बोलकं दार बंद ठेवा. हात जोडते तुमच्यापुढं." साडू म्हणाले, "हाव." मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, केलं का बंद? तर चेहऱ्यावर चोरट्या पोराचं हसू. "बंद कशाला करायचं? पाहुण्याच्या चहात साखर जास्त घालतो का न्हाई आपण? तसे तीन इंच जास्त घातलेत. जो येईल तो खुश." मी कपाळावर हात मारला.

पाहुणे आले. पोराचा बाप दारातून आत आला. "पाच फूट दहा इंच." गृहस्थ दचकला, मग सदरा खाली ओढून एकदम रुबाबात चालायला लागला. मागून पोरगा. "पाच फूट सात इंच." बायोडाटाबरहुकूम! आक्काचा चेहरा उजळला. पोरगा मात्र वर बघत राहिला, आपल्याच बाबतीत काही चूक होतेय असं त्याला वाटत असावं. मग त्याची आत्या. "पाच फूट आठ इंच." "अगं माय!" ती बाई जागीच थांबली. "मी काय ताड हाय का?" साडू लगबगीने म्हणाले, "बसा, बसा, हवा लागंल." हवेचा काय संबंध, कोणाला कळलं नाही, पण मंडळी बसली.

शीतल शेजारच्या काकूंच्या घरी साडी नेसत होती, कारण हॉलमध्ये पुरुषमाणसं. मागच्या दाराला खताची पोती लावलेली, म्हणून यायचं ते समोरच्याच दाराने. काकूंनीच केलेल्या पोह्यांचा ट्रे घेऊन ती आली, शिकवल्याप्रमाणे खांदे पाडून. पण उंबरा ओलांडताना ट्रे कलायला लागला आणि तो सावरायला ती क्षणभर ताठ झाली. वरून तिच्या बापाच्या आवाजात घोषणा झाली, "पाच फूट नऊ इंच."

मी साडूंकडे बघितलं. त्या माणसाचा चेहरा सांगतो तुम्हाला, पांढराफटक पडला होता. दारातून येणाऱ्या सगळ्यांना तीन इंच वाढवून ठेवताना आपली मुलगीही त्याच दारातून येणार, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते इंच पाहुण्यांसाठी होते. शीतल त्यांच्या लेखी पाहुण्यांत धरलेलीच नव्हती.

पोराच्या बापाने बशी खाली ठेवली. "बायोडाटात तर पाच-तीन लिवलंय." मी साडूंच्या कानाला लागलो, "म्हणा की, मशीन बिघडलंय." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याचं काय बिघडलंय? बिघडलोय मी." आता अडचण बघा. तीन इंच खोटे आहेत म्हणावं, तर पोरगी खाली येते, पण तिच्याबरोबर पोरगाही खाली येतो, आणि होणाऱ्या जावयाला त्याच्या बापादेखत ठेंगणा करणं म्हणजे काय, ते कळायला वटवाघळाची अक्कल लागत नाही. गप्प राहावं तर पाचवं स्थळही गेलं. साडू उठले. हात जोडले.

"पाहुणे, तीन इंच मी वाढवलेत. तुमच्या इज्जतीपायी. सगळ्यांचे तीन-तीन कमी करा." सगळी बैठक बोटांवर हिशोब करायला लागली. आत्या सगळ्यांत आधी मोकळी झाली, "मी म्हणलंच!" बापाचा रुबाब उतरला. पोरगा पाच-चार झाला, शीतल पाच-सहा. आक्काने पदर तोंडाला लावला. साडू पुढे बोलतच राहिले. "पोरगी उंच हाय म्हणून आम्ही तिला वाकून चालायला शिकवलं. माझ्या घरात मापं घ्यायचं यंत्र, आन माझ्याच पोरीचं माप खोटं लिवलं मी. तिची काय बी चूक न्हाई. माफ करा."

"आप्पा, बास." शीतलने ट्रे ठेवला आणि ती उभी राहिली, पुरती ताठ. "मी पाच-सहा हाय. चार खेपा मान खाली घालून बसले. आता मान दुखायलीय माझी."

आणि तो पोरगा हसला हो! मोठ्याने हसला. "माझे पाय दुखायलेत," तो म्हणाला. "टाचांचे बूट घालून हिंडायलोय, आन दर घरात दारातच बूट काढायला लावतेत." बाप म्हणाला, "आरं गप." तो म्हणाला, "बाबा, राहू द्या. मला पसंत हाय. त्यांना विचारा." शीतलने सगळ्यांसमोर सरळ त्याच्याकडे बघितलं. "वाकायला लावू नका म्हंजे झालं," ती म्हणाली.

लग्न झालं. अंतरपाट धरणाऱ्यांनी हात कितीही उंच केले तरी शीतलला पलीकडचं सगळं दिसत होतं, आणि ती खुशाल बघत होती. साडू मांडवात कमानीची, ताटांतल्या अंतराची, भटजींच्या आसनाची मापं सांगत फिरले. पाठवणीच्या वेळी मात्र हा माणूस सापडेना. जनरेटरच्या मागे उभा होता. मी नुसता शेजारी जाऊन उभा राहिलो. तो जनरेटर फारच मोठ्याने चालू होता.

पंचमीला शीतल पहिल्यांदा माहेरी येणार, म्हणून आम्हीही गेलो. मी दारातून आत शिरलो तर वरून उंची नाहीच. साडूंचा आवाज आला, पण कसा, तर लोण्यासारखा, "आली का माय?" मी मागे वळून बघितलं, मागे कोणी नव्हतं. आक्का आतून ओरडली, "आठ दिवस झाले, हेच चालू हाय!" शीतलसाठी म्हणून त्यांनी डबीतल्या सगळ्या उंच्या पुसून एवढंच भरून ठेवलं होतं. दूधवाल्याला "आली का माय?" मिशीवाल्या सिलिंडरवाल्याला "आली का माय?" तो बिचारा सिलिंडर दारातच ठेवून परस्पर पळाला. आणि दर वेळी दार बोललं की साडू आतून धावत बाहेर यायचे आणि माझ्यासारखं कोणीतरी बघून परत जायचे.

धर्माबादची गाडी दुपारी आली. ती आली आणि नेमकी त्याच घटकेला गल्लीतली लाईट गेली. शीतल चौकटीखाली उभी, डबी मुकी. साडू समोर. आठ दिवस अख्ख्या गल्लीला जे ऐकवलं ते आता त्यांनाच म्हणायचं होतं, आणि तोंड नुसतं उघडत होतं, मिटत होतं. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली, खाली ठेवली, टाचा उंचावून दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि काहीतरी बोलले. मी हाताच्या अंतरावर उभा होतो, मला काही ऐकू आलं नाही.

"हाव आप्पा," शीतल म्हणाली. "आले."