दोन चुलींचा धूर

वडिलांनी लिलावात जुनी लष्करी अँब्युलन्स घेतली तेव्हा गावात कुणी त्यांना शहाणं म्हटलं नाही. लढाईच्या दिवसांत त्यांनी तसल्याच गाड्या चालवल्या होत्या, म्हणून त्यांचा जीव तिच्यात. आत दोन बाकं ठोकली, खाली भांड्यांची पेटी बसवली, मागच्या दाराला आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा लावला. बाजूचा तांबडा क्रॉस दोनदा रंगवून झाकला, तरी तो उन्हात वर यायचाच. "चाकांवरचं घर," ते सांगायचे. आत्या म्हणायची, "घराला चाकं लावणारा माणूस घरात कधी टिकलाय?" आणि कुठे निघायचं ठरलं की पहिली तीच आत चढून बसायची.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. त्या वैशाखात आम्ही चौघं, म्हणजे वडील, आई, वडिलांची विधवा बहीण ती आत्या, आणि सतरा वर्षांची मी, रत्नागिरीहून एका खाडीवर जाऊन राहिलो. हवापालट, असं वडील शेजारपाजारी सांगून आले होते. समुद्राच्या हवेतून खाडीच्या हवेत कसला पालट, हे विचारायची सोय नव्हती. खरं कारण समोर पाण्यात दिसत होतं. खाडीच्या मधोमध एक जुवं होतं. बेटाला आमच्याकडे जुवं म्हणतात. माडांची गर्दी, वीस-पंचवीस घरं, आणि त्यातल्या एका घरात माझी मावशी.

मावशी आईशी सहा वर्षं बोलत नव्हती. आजी गेली तेव्हा जुव्यावर निरोप धाडायचं काम आईकडे होतं. तिने तो त्या बाजूला निघालेल्या एका माणसाजवळ दिला. तो वाटेत मेव्हण्याकडे जेवायला थांबला, जेवल्यावर लवंडला, आणि मावशी येऊन पोचली तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती. तिला तिच्या आईचं तोंड दिसलं नाही. ती अंगणातूनच मागे फिरली. त्यानंतर आमच्या घरच्या कुठल्या कार्याला ती आली नाही.

आईला तिची माफी हवी होती. पण बोलावल्याशिवाय तिच्या दारात पाय ठेवायचा नाही, हा हेका. म्हणून आम्ही अलीकडच्या काठावर गाडी लावून बसलो. भरती आली की तर, म्हणजे उतारूंची होडी, ये-जा करायची. माणसं, कोंबड्या, तांदळाची पोती चढायची, उतरायची. आम्ही तिथेच. आई घासलेली भांडी पुन्हा घासायची, तर काठाला लागली की मान खाली घालायची आणि ती सुटली की मान वर करून बघत राहायची. मी गाडीपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून गाडीपर्यंत इतक्या खेपा घातल्या की वाळूत वाट पडली. मला एका जागी बसवत नव्हतं आणि आईचा राग येत होता. आजही थोडा येतो.

"हत्ती गेला नि शेपूट राहिलं," वडील म्हणाले. "सगळा रस्ता धूळ खात आलो, आता एवढंसं पाणी ओलांडवत नाही."

"ताकाला जायचं नि भांडं लपवायचं," आत्या म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनेच तरवाल्याला गाठलं आणि मावशीच्या घरी निरोप दिला की तुझी बहीण इकडे गाडीत येऊन राहिली आहे. संध्याकाळच्या फेरीला तरवाला परतला. आई गाडीच्या आड उभी राहून ऐकत होती.

"सांगितलंय," तो म्हणाला. "ऐकलान नि आत गेली."

त्या रात्री आई जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी स्टोव्हचं घासलेट संपलं. माळकरी आत्याच्या जिवासाठी दोन दिवस आम्ही सगळे वरण-भातच जेवत होतो आणि वडील अगदी टेकीला आले होते. सकाळी एका म्हाताऱ्या कोळणीकडून त्यांनी बोईटं घेतली. आता चूल मांडणं आलं. पण माशांच्या चुलीवर आत्याचा भात शिजणार कसा? तिने वीस पावलं मोजून आपल्यासाठी वेगळी चूल मांडली. जळण म्हणजे माडाची अर्धवट ओली चुडतं आणि नारळाची सोडणं. वारा पडलेला. दोन्ही चुलींचा धूर सरळ वर चढला.

दुपारची ओहोटी होती. अशा वेळी तर कधी सुटत नसे, पण ती जुव्यावरून सुटलेली दिसली. "चिखलात रुतणार हा," वडील म्हणाले. मग पाण्यावरून आवाज आला. कुणी बाई रडत होती.

टोपली आवरत असलेल्या कोळणीने आमच्या चुलींकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "दोन धूर केलाव तुमी? हिकडं येक धूर म्हंजी उतारू हाय. दोन धूर म्हंजी कोणतरी गेला, जुव्यावरनं तर धाडा."

आमच्यापैकी कुणाला हे ठाऊक नव्हतं. आणि तांबड्या क्रॉसची आमची दवाखान्याची गाडी जुव्यावरून तीन दिवस सगळ्यांना दिसत होती.

तर जवळ आली तसे शब्द कळू लागले. "बाय माझे, पाठीवर घेऊन व्हाळ ओलांडायचीस गो मला. फणसातले चांगले गरे माझ्या हातात द्यायचीस, नि आपण उरलेलं चारखंड चघळायचीस. दोन दिस हिथं येऊन बसलीस नि मी आले नाय गो. तुझी काय चूक नव्हती. मीच धरून बसले."

आईने आवाज ओळखला. ती पळी घेऊन उठली. आता ही धावत जाईल असं मला वाटलं, तर ती गाडीच्या आड जाऊन उभी राहिली.

"आई, अगं तिला सांग तरी," मी म्हटलं.

तिने माझं मनगट घट्ट धरलं. "थांब. बोलू दे तिला."

इतकी मी तिच्यावर आयुष्यात कधी चिडले नाही. बाई तिकडे ऊर फोडत होती आणि ही डोळे मिटून ऐकत होती.

मावशी गुडघाभर चिखलातून आली, केस सुटलेले. गाडीशी जाऊन तिने पडदा बाजूला केला. आत आत्याची पिशवी आणि उशी. मग आई पुढे आली. मावशीने तिच्याकडे बघितलं, पळीकडे बघितलं, तव्यावरच्या बोईटांकडे बघितलं, आणि आईच्या खांद्यावर दोन गुद्दे घातले.

"कधीपासून ऐकतेस?"

आईला खोटं बोलता येत नसे. "व्हाळापासून."

"म्हंजे सगळंच ऐकलंस."

"हो."

"आता तू खरी मेलीस तरी मी रडायची नाय. माझं रडून झालंय."

तरवाला पाणी चाललं म्हणून ओरडत होता. मावशीने पदराने तोंड पुसलं आणि पाण्याची वाट धरली. चिखलाच्या कडेला थांबली, पण मागे वळून बघितलं नाही.

"येतेस, का आता तिसरी चूल पेटवू?"

आईने पळी माझ्या हातात दिली आणि माशांचे हात न धुताच ती चिखलात उतरली.