राणे तात्यांची काळी चिठ्ठी

"मॅडम, तुम्ही बिल्डिंग रिकामी करताय की भरताय?" तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. गिरगावातल्या त्या तीन मजली चाळीतून माणसं बाहेर पडायला हवी होती आणि डोळ्यांदेखत ती आत शिरत होती. दोघांच्या हातात हार होते.

मी कॉलेजात अंतर्गत सुरक्षा आणि आपत्ती व्यवस्थापनाचा डिप्लोमा शिकवते. माझी पीएचडी इव्हॅक्युएशनवर आहे, म्हणजे धोक्याच्या वेळी इमारत कशी रिकामी करावी यावर. खरी इमारत मात्र मी तोवर एकही रिकामी केली नव्हती. डिप्लोमा पुढे चालणार की बंद होणार, ते या मॉक ड्रिलवर ठरणार होतं. प्रिन्सिपल मॅडमनी स्पष्टच सांगितलं होतं, "पंधरा मिनिटांत चाळ रिकामी दिसली पाहिजे. नाहीतर तू आहेस आणि फर्स्ट इयरचा भूगोल आहे." भूगोलाशी माझं वैर नाही, पण मैत्रीही नाही.

सुरुवात झकास झाली. दहा वाजता सायरन वाजला. लोक गॅस बंद करून शिस्तीत खाली उतरले. एक काकू फोडणीला टाकलेली भाजी कढईसकट घेऊन आल्या, ते मी चालवून घेतलं. आठव्या मिनिटाला चाळ रिकामी. वर उरले फक्त राणे तात्या.

तात्या म्हणजे निवृत्त बसकंडक्टर. ड्रिलमध्ये काही जणांना जखमी व्हावं लागतं आणि प्रत्येकाच्या गळ्यात रंगीत चिठ्ठी अडकवतात. लाल म्हणजे आधी उचला, पिवळी म्हणजे थोडा वेळ थांबेल, हिरवी म्हणजे आपल्या पायांनी जाईल. काळी म्हणजे आता घाई नाही. तात्यांना काळी मिळाली होती. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, चटईवर, डोळे मिटून.

"शिट्टी वाजेपर्यंत उठायचं नाही हं, तात्या."

"मॅडम, उभी सर्व्हिस घंटीशिवाय बस हलू दिली नाही मी. मला काय सांगता?"

घोळ झाला तो फळ्यावर. खऱ्या आपत्तीत जखमींची आणि मृतांची यादी बाहेर लावतात, म्हणजे नातेवाइकांची धावाधाव होत नाही. आमचा व्हाइटबोर्ड कॉलेजातच राहिला होता. चाळीचे सेक्रेटरी पेडणेकर म्हणाले, "आमचो फळो आसा मां." फळा चाळीच्या दारात होता, रस्त्याकडे तोंड करून. दहाला पाच कमी होते; मी यादी त्यांच्या हातात कोंबली आणि सायरन वाजवायला पळाले.

आता चाळीतला फळा कशासाठी असतो, हे मला कळायला हवं होतं. चाळीतलं कोणी गेलं की त्यावर खडूने लिहितात आणि येणारा-जाणारा वाचतो. पेडणेकर वर्षानुवर्षं तेच लिहीत आले होते. हात बसलेला. त्यांनी यादीत तात्यांचं नाव पाहिलं आणि वळणदार अक्षरात 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' इथून सुरुवात केली. अंत्ययात्रा बारा वाजता राहत्या घरून निघेल, इथपर्यंत आल्यावर फळा भरला.

"पेडणेकर, मॉक ड्रिल असं कुठे लिहिलंय?"

"जागा खंय होती?"

"आणि बाराची वेळ तुम्हाला कोणी सांगितली?"

"वेळ नाय लिवली तर लोक येतले कशे?"

लोक आले. शेजारच्या वाड्यांना ड्रिलचा पत्ताच नव्हता. आधी इस्त्रीवाला आला, मग तात्यांचा पत्त्यांचा कट्टा आला, मग टाळांसकट भजनी मंडळ. राणे काकू अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. चौघीजणी त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागल्या.

"अगं, मॉक आहे ते. जिवंत आहेत हे," काकू सांगत होत्या.

"धक्का बसलाय बिचारीला," एक जण दुसरीला म्हणाली.

माझे विद्यार्थी जिन्यात हात पसरून उभे राहिले. "वर धोका आहे, जाऊ नका." एका आजोबांनी त्यांना बाजूला सारलं. "आता कसला धोका? गेला ना तो."

तेरावं मिनिट चालू होतं. शिट्टी माझ्या गळ्यात होती. वाजवली की ड्रिल तिथेच संपणार आणि चाळ तर माणसांनी भरलेली. भूगोल दिसायला लागला. तेवढ्यात वरून आवाज आला, "तुळशीपत्र ठेवलं, गंगाजल आणा रे." तात्या उताणे पडले होते आणि शिस्तीचे पक्के होते. पाणी नाकातोंडात गेलं असतं तरी हलले नसते. मी घाबरले आणि जीव खाऊन शिट्टी फुंकली.

तात्या उठून बसले. तोंडातलं तुळशीचं पान काढून त्यांनी विचारलं, "सुटलो का?"

त्यानंतर तो जिना जसा वाहिला, तसा माझ्या थिसिसमधल्या कुठल्याच आकृतीत वाहत नाही. कोणाला खरचटलंही नाही, हे माझं नशीब. पायऱ्यांवर सोळा चपला आणि एक टाळ राहिला. शेवटी तात्या आले, कठड्याला धरून, सावकाश. साहेबांनी घड्याळ पाहिलं. चौदा मिनिटं, पन्नास सेकंद.

रिपोर्ट आठवड्याने आला. त्यात लिहिलं होतं, 'इमारत दिलेल्या वेळेत रिकामी झाली. दोनदा.' डिप्लोमा चालू राहिला.

पेढे द्यायला मी तात्यांकडे गेले. ते वहीत काहीतरी लिहीत होते.

"काय लिहिताय?"

"कोण कोण आलं नाही, त्याची यादी. मेहुणा समोरच्या वाडीत राहतो. फळा वाचून दूध घ्यायला गेला."

पुढच्या ड्रिलला तात्यांनी पुन्हा काळी चिठ्ठी मागितली. मी हिरवी दिली. आणि आता किट भरताना मी शिट्टीच्याही आधी डस्टर टाकते.