रिकाम्या पलंगाचं माप

आमच्या भाऊजींना वर्कशॉपमध्ये सगळे ठोकळेदादा म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान गेली तीस वर्षं लोखंडाचे कठडे, जिने आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवताहेत. खिशात एखाद्या दिवशी पाकीट नसेल, पण लाकडाचा ठोकळा असतोच. कठडा बसवून झाला की दोन गजांच्या मधून ठोकळा घालून बघायचा. आरपार गेला तर कठडा परत, मग मालक ओरडो नाहीतर गिऱ्हाईक. दुसऱ्या कुणी मोजून "बरोबर आहे" म्हटलं तरी यांचा हात खिशाकडे जाणारच. दुसऱ्याच्या डोळ्यांवर या माणसाने कधी विश्वास ठेवला नाही. ताई "साखर घातलीय हो" म्हणायची, तरी चहाचा तळ चमच्याने ढवळून बघायचे.

मी त्यांची खूप चेष्टा करते. पण त्या ठोकळ्यामागची गोष्ट मला ठाऊक आहे आणि तिची चेष्टा मला जमत नाही.

बावीस वर्षांपूर्वी त्यांनी एका शाळेच्या जिन्याला कठडा केला होता. नकाशा दुसऱ्याचा, माप दुसऱ्याने घेतलेलं. महिन्याभरात एका पाच वर्षांच्या मुलाने दोन गजांमध्ये डोकं घातलं आणि ते अडकलं. भाऊजींना बोलावणं गेलं. गज कापायला यंत्र लावावं तर ठिणग्या मुलाच्या तोंडावर उडणार. शेवटी जॅक लावून गज फाकवले. चाळीस मिनिटं लागली. पोरगं सुटलं, त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. रडायचं थांबून खाऊ मागायला लागलं. भाऊजी मात्र जिन्यावरच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठोकळा तासला. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात म्हणे. हा माणूस तेव्हापासून पाणीही फुंकून पितो.

आता या माणसाच्या घरात बाळ येणार म्हटल्यावर काय होणार, ते सांगायला ज्योतिषी नको.

ताईला जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी एकुलती एक. जावई जहाजावर नोकरीला, चार महिन्यांशिवाय येणार नाहीत. म्हणून मी माझं शिलाईचं दुकान बंद ठेवून भाचीच्या बाळंतपणाला आले. दिवस भरायच्या तीन आठवडे आधीच मुलगी झाली. दोन किलोंच्या जरा वर. एवढीशी मान, एवढाले डोळे, आणि श्वास चाललाय की नाही हे बघायला वाकावं लागत होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "बाळ तुमच्याच खोलीत ठेवा, पण तुमच्या अंथरुणात नको. तिला वेगळी, सपाट, कडक जागा हवी. उशी नको, जाड पांघरूण नको, बाजूला मऊ काही नको. आणि झोपवायचं पाठीवरच."

भाऊजींनी मान हलवली. चेहरा पांढराफटक पडला होता. मी बाळाला त्यांच्या हातात द्यायला गेले तर ते दोन पावलं मागे सरकले.

"माझे हात लोखंडाचे आहेत गं, धाकटे. नको."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाळणा बघायला निघालो. आईच्या पलंगाला खेटून लावतात तसला, तीन बाजूंनी गज आणि चौथी बाजू खाली करता येणारी. म्हणजे रात्री आईने हात लांबवला की बाळ हाताशी, पण झोपायची जागा आपली आपली. आदल्या रात्री भाऊजींनी त्यासाठी एक नवा ठोकळा केला होता, आधीच्यापेक्षा लहान, पण शिसवी आणि चांगलाच जड. पाळण्याच्या गजांमध्ये सहा सेंटिमीटरच्या वर फट नको, असं त्यांनी कुठूनतरी वाचून काढलं होतं.

पहिल्या दुकानात विक्रेत्याने ढगासारखी मऊ गादी दाखवली. भाऊजींनी तिच्यात मूठ दाबली. मूठ मनगटापर्यंत आत गेली.

"तोंड यात रुतलं तर?" त्यांनी विचारलं.

"साहेब, सगळ्यात जास्त हीच खपते. सोबत उशी आणि बाजूच्या गुबगुबीत पट्ट्या फुकट."

"फुकट मरण नको मला," भाऊजी म्हणाले आणि बाहेर पडले. मी त्या बिचाऱ्याची माफी मागितली.

दुसऱ्या दुकानात त्यांनी खिशातून ठोकळा काढल्यावर काउंटरवरची बाई मागे सरली. तिला वाटलं, हा आता मारतोय. तिथल्या पाळण्याच्या गजांतून ठोकळा आरपार गेला. तिसऱ्या दुकानात मात्र सगळं जमलं. गादी कडक, गजांतून ठोकळा जाईना, उंची कमीजास्त करता येणारी, पाय भक्कम. भाऊजींनी पाळणा चारही बाजूंनी हलवला, खाली आडवे होऊन तळ बघितला, प्रत्येक स्क्रू अंगठ्याने चाचपला. लोक बघत होते. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

घरी आल्यावर मी माहितीपुस्तक मोठ्याने वाचायला बसले आणि ते जोडायला. सातव्या पानावर होतं की सोबतचा पट्टा पाळण्याला अडकवून आईच्या गादीच्या खालून पलीकडे न्यावा, त्याच्या टोकाची फळी गादीच्या पलीकडच्या कडेला टेकवावी आणि मग पट्टा ओढून घट्ट करावा.

"कापडी पट्टा?" भाऊजींनी तो दोन बोटांत धरला. "यावर माझा जीव टांगू? मी लोखंडी पकडी लावतो. पलंगाच्या चौकटीला पाळणा असा बांधतो की हत्तीने ओढला तरी हलणार नाही."

मी आयुष्यभर कापडात हात घातलेली बाई. त्या पट्ट्याची वीण बघूनच मला कळलं होतं की हा सहजी तुटणाऱ्यातला नाही. पण चुलीवर दूध उतू जायला आलं होतं. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "तुमचं लोखंड तुम्हाला लखलाभ." पट्टा खोक्यात राहिला. खोकं माळ्यावर गेलं. ही माझीही चूक, आणि ती मी लपवणार नाही.

पकडी खरंच जबरदस्त होत्या. पाळणा आणि पलंगाची चौकट एकजीव झाली. दोन गाद्यांच्या मधे भाऊजींनी ठोकळा उभा, आडवा, तिरपा घालून बघितला. नखसुद्धा जाईना. तरी रोज सकाळी भाची आंघोळीला गेली की ते यायचे, ठोकळ्याने फट तपासायचे आणि दाराशीच उभं राहून बाळाकडे बघायचे. एकोणीस दिवस असे गेले. बाळाला त्यांनी एकदाही उचललं नाही. ती शिंकली तरी यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

विसाव्या दिवशी सकाळी ते फट तपासत असतानाच वर्कशॉपमधून फोन आला. बोलत बोलत बाहेर गेले. जड ठोकळा पाळण्यातच राहिला, कडेला, पलंगाच्या गादीला टेकून.

अकराच्या सुमारास भाचीने बाळाला पाजलं आणि माझ्या हातात दिलं. "मावशी, हिचं बदल ना गं. मी पाच मिनिटं पडते." रात्रभर जागी होती बिचारी. मी बाळाला घेऊन मागच्या खोलीत गेले. भाचीने पाळण्याकडे बघितलंही नसावं. पलंगावर पडली, भिंतीकडे सरकली, कूस बदलली आणि पाय ताणून गाढ झोपली. भाऊजी स्वयंपाकघरात पाणी पीत होते. बाळ माझ्याकडे आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

मी लंगोट बांधत होते आणि आवाज आला. ठप्प. फरशीवर काहीतरी पडल्याचा, जड आणि बोथट.

त्यापाठोपाठ भाऊजींची किंकाळी. मी या माणसाला ताईच्या वेळीसुद्धा ओरडताना ऐकलं नव्हतं.

बाळाला छातीशी धरून मी धावले. दारातून जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. भाऊजी गुडघ्यांवर, अर्धे पलंगाखाली, अंधारात हात फिरवताहेत. भाची दचकून उठलेली, दोन्ही हातांनी रिकामा पाळणा चाचपतेय आणि ओरडतेय, "बाळ कुठंय? बाबा, बाळ कुठंय?" मी सांगायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. बाळ माझ्या हातात होतं, ऊबदार होतं, आणि तरी एक क्षण मलाच वाटलं की ते खाली पडलंय. तीन वेळा प्रयत्न केला तेव्हा कुठे शब्द बाहेर आले.

"माझ्याकडे आहे. अगं, माझ्याकडे आहे ती."

भाचीने झडप घालून तिला घेतलं. भाऊजी पलंगाखालून हळूहळू बाहेर आले. हातात ठोकळा होता.

मग मी बघितलं. पाळणा जागचा हलला नव्हता, पलंगाची चौकट हलली नव्हती, पकडी तशाच आवळलेल्या होत्या. हलली होती ती भाचीची गादी. भिंतीकडे पाठ रेटताना ती आपल्यासोबत गादीही भिंतीकडच्या मोकळ्या जागेत सरकवत गेली होती. गादी आणि पाळण्याच्या मधे चांगली चार बोटं फट पडली होती. बाळ आडवं सरकत त्यात गेलं असतं तर खाली पडलं असतं, नाहीतर तोंड खाली करून अडकलं असतं. ते आमच्या सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं.

भाऊजी फरशीवर बसले. बावीस वर्षांपूर्वी जिन्यावर असेच बसले असतील.

"मी रिकाम्या पलंगावर मोजलं," ते म्हणाले. "वीस दिवस. रोज रिकाम्या पलंगावर. कठड्यावर कुणी झोपत नाही गं, धाकटे. लोखंड आपल्या जागी राहतं. मला सुचलंच नाही."

मला त्यांना बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं, जीभ वळवळत होती. पण सातव्या पानावर पुस्तक मिटणारी मीच होते. मी स्टूल घेतलं, माळ्यावरचं खोकं काढलं आणि पट्टा त्यांच्या पुढ्यात टाकला.

"हे बघा, हे कापड माझ्या वकुबातलं आहे. आज मी सांगते तसं करायचं."

पकडी निघाल्या. पट्टा गादीच्या खालून पलीकडे गेला, फळी भिंतीकडच्या कडेला टेकली, आणि भाऊजींनी पाळण्याच्या पायाला पाय लावून असा ताणला की गादी सरकत येऊन पाळण्याला घट्ट भिडली. त्यांनी सवयीने खिशातून ठोकळा काढला.

"थांबा," भाची म्हणाली. "रिकाम्या पलंगावर नाही. मी झोपते, मघासारखी कूस बदलते, रेटते. तेव्हा बघायचं. तोवर हिला धरा."

"मावशीला दे."

"मावशीला मला भिंतीकडे रेटायला लावणारे मी. तुम्ही धरा, बाबा."

ते उभे राहिले. ठोकळा कुठे ठेवावा कळेना, शेवटी जमिनीवरच ठेवला. हात पुढे केले. तिने बाळ त्यांच्या तळहातांवर ठेवलं आणि ते तसेच ताठ उभे राहिले, श्वाससुद्धा न घेता.

"किती घट्ट धरू?" त्यांनी विचारलं. घाबरलेला आवाज होता, अगदी लहान मुलाचा असतो तसा.

"मानेखाली हात घ्या. बस, तेवढंच."

भाची पलंगावर पडली. सरकली, वळली, भिंतीकडे पाठ करून रेटलं. मीही जोर लावला. दोघींना घाम फुटला.

"बाबा, बघा ना फट पडतेय का."

मी मान वळवून बघितलं. भाऊजी खाली बघत होते, बाळाकडे. तिने त्यांच्या शर्टाचं बटण मुठीत पकडलं होतं. त्यांच्या हनुवटीवरून थेंब तिच्या दुपट्यावर पडत होते.

"तूच बघ, धाकटे," ते म्हणाले. "माझे हात गुंतलेत."

मी जमिनीवरचा ठोकळा उचलला. उभा घालून बघितला, आडवा घालून बघितला, तिरपा घालून बघितला. कुठूनच जाईना. मग भाचीला पुन्हा रेटायला सांगितलं आणि सगळं पहिल्यापासून परत बघितलं.