पाटीवर न लिहिलेलं कारण

मुलांनो, आमच्या घराजवळच्या बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याच्या जागेवर एक गृहस्थ राजगिरा लावतात. माणसांशी कमी बोलतात. गांडुळांना मात्र “अहो, सरका” म्हणतात. ‘पाने तोडू नयेत. कारण विचारू नये.’ ही त्यांची पाटी. पुण्यात अशा पाट्या कोण मनावर घेतं? काल मी भाजीसाठी जुडी खुडली, तर त्यांनी धावत येऊन ती हिसकावलीच.

“आजी, मातीतलं शिसं ओढून घ्यायला लावलाय हा. विष आहे! आधी खाल्लात का?”

सोमवारीही मी इथलीच पानं नेली होती आणि तुमच्या आजोबांनी ती भाजी दोनदा मागून घेतली होती. तसं सांगताच ते गृहस्थ पांढरेफटक पडले.

“कारण लिहायला हवं होतं हो मी,” म्हणाले, आणि मातीच्या हातांनीच दवाखान्यासाठी रिक्षा थांबवली.