ट्रानब्रिगेवरचा सात नंबरचा गाळा

ओड्वार हेल्लेसोयच्या कार्डावर 'तळमजला चैतन्य प्रमुख' असं छापलेलं होतं. ते कार्ड त्याने बायकोला, गुनवोरला, पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती स्वेटर विणत बसली होती. तिने चष्मा वर सरकवून वाचलं आणि विचारलं, "म्हणजे गाळे भाड्याने देतोस तेच ना?"

"तेच," ओड्वार म्हणाला.

गुनवोरने पुढचा टाका घातला आणि विषय संपला.

त्याआधी निम्मं आयुष्य ओड्वार बर्गन बंदराच्या धक्क्यावर गोदामं भाड्याने देत होता. त्या धंद्यात भाडेकरू दोनच गोष्टी विचारायचा. छप्पर गळतं का, आणि उंदीर आहेत का. बारमाही पावसाच्या बर्गनमध्ये छप्पर गळत नाही असं वेडासुद्धा म्हणणार नाही, म्हणून ओड्वार सांगायचा, "गळतं, पण त्या कोपऱ्यात. तिथे माल रचू नकोस." उंदरांचंही तो असंच ठिकाण सांगायचा. आमच्याकडे राजा सोडला तर सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, त्यामुळे थाप मारायला मध्ये आदराचा आडपडदाही नसतो. भाडेकरू गोदाम घ्यायचा आणि वर्षानुवर्षं हलायचा नाही.

मग गोदामं पाडली. माशांचं तेल काढायची शेड गेली, दोरखंडाची वखार गेली आणि तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मधल्या मजल्यांवर कचेऱ्या, त्यांच्यावर बघूनच घाम फुटावा अशा किमतीचे फ्लॅट, आणि तळाला समुद्राकडे तोंड करून दुकानांचे नि उपाहारगृहांचे गाळे. जागेचं नाव मात्र ट्रानब्रिगाच ठेवलं, म्हणजे माशाच्या तेलाचा धक्का. राजधानीहून आलेल्या सल्लागारांना त्या नावात मातीचा गंध आढळला. त्या तेलाचा खरा गंध ज्यांच्या बालपणाच्या कपड्यांना चिकटला होता, त्यांना कोणी विचारलं नाही.

जाताना सल्लागार एक गुळगुळीत पुस्तिका करून देऊन गेले. तिच्यातल्या चित्रात धक्क्यावर उघड्या खांद्यांच्या बाया गार वाइन पीत बसल्या होत्या. बर्गनमध्ये खांदे उघडे टाकण्याजोगे दिवस हाताच्या बोटांवर मोजावेत, आणि तेही हातमोजा न काढता. चित्राखाली वाक्य होतं: 'डोक्यावर चार हजार भुकेले नोकरदार, दाराशी समुद्र.' हे वाक्य ओड्वारने इतक्या लोकांना ऐकवलं होतं की एकदा दाताच्या डॉक्टरकडे भूल उतरताना तो तेच पुटपुटला.

गाळ्यांपैकी औषधांचं दुकान चाललं, दारूचं सरकारी दुकान तर धावलं. सात नंबरचा गाळा मात्र भाडेकरू खात सुटला. कोपऱ्यावरचा, सगळ्यात मोठ्या काचांचा, पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरचा गाळा तो. आधी एका नवरा-बायकोने तिथे फ्रेंच पद्धतीचं जेवण सुरू केलं. ते गेले. मग एका तरतरीत मुलीने वाटीभर धान्य आणि त्यावर मोड आलेलं काहीतरी विकायला घेतलं. तीही गेली. दोघांच्याही निरोपाला ओड्वार इमारतींच्या मालक कंपनीतर्फे केक घेऊन गेला होता. केक उत्तम होता, हे दोन्ही वेळा सर्वांनी मान्य केलं.

कंपनीची प्रमुख विबेके ओमोत ही कर्तबगार बाई. प्रत्येक अपयशानंतर ती बैठक घ्यायची आणि कारण शोधून काढायची. फ्रेंच जेवणाच्या वेळी दिवे चुकले होते. मोड आलेल्या धान्याच्या वेळी खुर्च्या चुकल्या.

खरं कारण रोज सकाळी त्या चार हजार नोकरदारांच्या स्वयंपाकघरांत तयार होत होतं. पावाचे तीन-चार काप, त्यांवर तपकिरी चीज नाहीतर कलेजीची पेस्ट, काप एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये पातळ कागद, आणि वरून मेणकागदाची घट्ट पुडी. हाच आमचा डबा. साडेअकराला मंत्री असो की गवंडी, सगळा देश ही पुडी सोडतो आणि भराभर चावून पुन्हा कामाला लागतो. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, आमच्या घरोघरी तोच पातळ कागद. शुक्रवारी दुपारी हीच मंडळी डोंगरातल्या आपापल्या लाकडी घरांकडे पळतात, ती रविवारी रात्रीपर्यंत धक्क्यावर दिसत नाहीत. वाटेत भूक लागलीच तर डबा असतो.

कंपनीने पाहणी केली नव्हती असंही नाही. 'कचेरीखाली चांगलं उपाहारगृह असावं असं वाटतं का?' या प्रश्नावर सगळ्यांनी मनापासून 'हो' लिहिलं होतं. कोणी खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, बाकीचे जेवायला जातील.

आणि ओड्वार? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आपण दिलेल्या कुठल्याही गाळ्यात तो आजवर दुपारचं जेवला नव्हता. गाळा रिकामा असला की तो आत जाऊन एका उलट्या खोक्यावर बसे, समुद्राकडे बघत पुडी सोडी आणि भाडेकरू का टिकत नाहीत याचा प्रामाणिकपणे विचार करी. त्याला यात काही खटकत नव्हतं. आपण श्वास घेतो असं कोणी मुद्दाम सांगतं का?

अशा वेळी इदालीना फुर्तादो आली. ती पोर्तुगालची, समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर बारा वर्षं स्वयंपाकीण होती. आवाज मोठा, हात त्याहून मोठे. तिला खारवलेल्या वाळक्या मासळीची खानावळ काढायची होती.

"तुम्ही लोक मासा वाळवता आणि जहाजं भरभरून आमच्याकडे पाठवता," ती ओड्वारला म्हणाली. "शिजवायचा कसा, ते तुम्हाला कोणी शिकवलंच नाही. मी शिकवते."

"पण लोक येतील असं वाटतं ना तुला?" ओड्वारने विचारलं. हे खरं तर तिने त्याला विचारायचं.

"अरे, बारा वर्षं जेवू घातलंय मी या लोकांना. तीन-तीनदा वाढून घेतात. ताट चाटतात."

हे खरंच होतं. फलाटावर गरम जेवण फुकट मिळतं, आणि फुकट गरम जेवणापुढे आमचा माणूस डबा विसरतो. ओड्वारने चार हजारांचं वाक्य म्हटलं. इदालीनाने डोळे मिटून ते ऐकलं.

"आईचं घर विकलंय मी या गाळ्यासाठी," ती म्हणाली. "भाऊ बोलत नाही माझ्याशी. गावी परतायला आता दार उरलं नाही, तेव्हा हे चालायलाच हवं."

करारावर गुरुवारी सह्या व्हायच्या होत्या. बुधवारी इदालीना कोणाला न सांगता धक्क्यावर आली, ऐन साडेअकराला. भुकेली गर्दी तिला डोळ्यांनी बघायची होती. धक्क्यावर दोन समुद्रपक्षी होते. सात नंबरमध्ये दिवा दिसला म्हणून ती आत शिरली, तर ओड्वार खोक्यावर बसून पाव चावत होता.

"हे काय खातोयस?"

"डबा," ओड्वार म्हणाला.

"समोर औषधाच्या दुकानापलीकडे सूप मिळतं की."

"हो, चांगलं असतं म्हणे."

इदालीनाने त्याच्याकडे बघितलं, मांडीवरच्या कागदाकडे बघितलं, मग छताकडे बघितलं. "आणि ते वरचे चार हजार आत्ता कुठे आहेत?"

ओड्वारने उरलेला पाव पुन्हा कागदात गुंडाळला.

"चल," ती म्हणाली. "मला वर ने."

पहिल्या मजल्यावर जेवणाच्या खोलीत लांबच लांब टेबलं होती आणि शेकडो माणसं कागद सोडत होती. बोलणं नव्हतं, फक्त कागदांची सळसळ. दुसऱ्या मजल्यावर तेच. तिसऱ्यावर एकाने काकडीची चकती लावली होती, आणि शेजारचे त्याच्याकडे जरा संशयाने बघत होते. चौथ्या मजल्यावर एका हसतमुख बाईला ओड्वारने ओळख करून दिली, की ही खाली उपाहारगृह काढतेय.

"अगंबाई, कधीपासून वाट बघतोय आम्ही!" ती बाई म्हणाली. "किती मरगळ आली होती खाली."

"मग तू येशील ना?" इदालीनाने विचारलं.

"मी?" बाईने हातातल्या पावाकडे बघितलं. "नाताळाआधी कचेरीची मेजवानी असते बघ. तेव्हा सुचवीन मी नक्की."

लिफ्टमधून उतरताना दोघंही दरवाजाकडे तोंड करून उभी होती.

"तुला माहीत होतं?" इदालीनाने विचारलं.

"नाही," ओड्वार म्हणाला. "म्हणजे माहीत होतं. पण लक्षात नव्हतं आलं."

त्याला लाज वाटली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने अर्धा डबा तसाच घरी नेला.

गुरुवारी विबेकेच्या खोलीत कॉफी होती, फुलं होती, करार होता आणि त्यावर भारीपैकी पेन होतं. इदालीनाने पेनाला हात लावला नाही. ती म्हणाली, "ठरावीक भाडं नको. जी विक्री होईल तिच्यातला वाटा घे. भरपूर घे."

विबेके समजूतदारपणे हसली. "आम्ही ठरावीक भाडंच घेतो. आमची कंपनी जोखीम पत्करत नाही."

"जोखीम कसली? डोक्यावर चार हजार भुकेले आहेत ना? मग तुझाच फायदा."

"तो अंदाज आहे, इदालीना."

"म्हणजे तुमच्या अंदाजावर तुमचा पैसा नाही, माझ्या आईचं घर लागणार?"

"तू उद्योजक आहेस," विबेके म्हणाली. तिला यात खरंच कौतुक अभिप्रेत होतं.

इदालीना ओड्वारकडे वळली. "तुझं डोंगरात घर आहे ना? ते विकून लावशील पैसा या गाळ्यात?"

खोलीत सगळे ओड्वारकडे बघायला लागले. इथे कोणी कोणावर ओरडत नाही. सगळे नुसते बघतात, आणि ते जास्त वाईट. ते घर त्याच्या वडिलांनी स्वतः तासलेल्या लाकडाचं होतं. ओड्वारने कॉफीचा कप खाली ठेवला.

"नाही लावणार," तो म्हणाला. "आणि तूही लावू नकोस. कोणी येणार नाही."

इदालीना उठली. तिने आधी विबेकेशी हस्तांदोलन केलं, मग ओड्वारचा हात दोन्ही हातांत धरला आणि जरा वेळ सोडलाच नाही. आईच्या घराचे पैसे शाबूत राहिले. पुढे तिने फेरीबोटीच्या धक्क्यापाशी एक टपरीवजा जागा घेतली. तिथे परदेशी ट्रकवाले बोटीची वाट बघत तासन्‌तास बसतात, आणि त्या बिचाऱ्यांना कोणी डबा करून दिलेला नसतो.

ओड्वारला कोणी काढून टाकलं नाही. आमच्याकडे माणसाला काढत नाहीत, समजून घेतात. त्याला समजून घेण्यासाठी बैठका झाल्या, बैठकांना दालचिनीचे बन होते. विबेके म्हणाली, ती रागावलेली नाही, तिला फक्त वाईट वाटलंय. ओड्वार खरं बोलला यावर सगळ्यांचं एकमत झालं. फक्त खरं बोलण्याआधी एकदा चर्चा व्हायला हवी होती, असं ठरलं.

आणि सात नंबरच्या गाळ्याचा प्रश्न विबेकेने स्वतः सोडवला. गाळा तिने कंपनीच्याच लोकांना जेवणाची खोली म्हणून देऊन टाकला. छान दिवे लावले, नव्या खुर्च्या आणल्या. साडेअकराला तिथे बसायला जागा मिळेना. धक्क्यावरून बघणाऱ्याला मोठ्या काचेमागे उजेड दिसे, भरलेली टेबलं दिसत, चालणारी तोंडं दिसत. पर्यटक येऊन दाराची मूठ हलवून जात. मग विबेकेने फोटोवाला बोलावला आणि सगळ्यांना कागद तेवढे टेबलाखाली धरायला सांगितले. नव्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आता तो फोटो आहे. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण जेवणारे अगदी खरे.

एका ओल्या सोमवारी ओड्वार तिथेच खिडकीपाशी जेवत होता. बाहेर एक तरुण जोडपं येऊन थांबलं. बाबागाडीवर प्लास्टिक ओढलेलं होतं आणि बाईच्या हातात पुस्तिकेची सुरळी होती. दोघांनी भरलेला सात नंबर बघितला, मग शेजारचा रिकामा आठ नंबर बघितला. नवऱ्याने तिच्या कानात काहीतरी सांगितलं, तशी ती हसली. मग तिला ओड्वारच्या छातीवरचा कंपनीचा बिल्ला दिसला. तिने काचेवर टकटक केलं आणि आठ नंबरकडे बोट दाखवलं.

"जा ना," समोर बसलेली विबेके प्रेमाने म्हणाली. "सांग त्यांना."

ओड्वारला वाटलं होतं, असलं खरं माणसाला जन्मात एकदाच बोलावं लागतं. त्याने तोंडातला घास गिळला, जाकीट चढवलं आणि पावसात त्यांच्याकडे गेला.